हिरव्या मोटारीमागे संत्र्याची कलमं

आमच्या बाईंची मोटार बसायला दोघांची, लांबीला चौघांची आणि उंचीला माझ्या कमरेइतकी. आत बसून हात बाहेर सोडला तर बोटं रस्त्याला लागतील की काय असं वाटायचं. रंग गडद हिरवा, चाकांना सायकलीसारख्या तारा, बॉनेटवर आडवा चामड्याचा पट्टा आणि डोक्यावर कॅनव्हासचा टप. तो टपही मनात आलं तर चढवायचा, एरवी मागे दुमडून ठेवायचा. कन्हानकडच्या खाणीवरचा एक इंग्रज साहेब मायदेशी जाताना ती मोटार बाईंच्या यजमानांना विकून गेला होता. ती शर्यतीत पळवायला म्हणून बनवलेली, असं सगळे सांगत. यजमान गेले, मोटार राहिली, आणि सत्तरच्या दशकात मी नागपूरला आलो तेव्हा बाई ती स्वतः चालवत होत्या. पुढे तिला त्यांनी मागून दोन चाकांची ट्रॉली जोडली आणि तिच्यातून संत्र्याची कलमं वाहिली. ऐकणाऱ्याला अजूनही खरं वाटत नाही. पण त्या ट्रॉलीतल्या पहिल्या खेपेवर माझा संसार अवलंबून होता, त्यामुळे तिचा प्रत्येक हिसका मला अजून पाठ आहे.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. सहावीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, घरात हात हवा होता. गावाजवळच्या एका रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधायला लागलो आणि तिथेच मोठा झालो, तिथे असतानाच लग्न झालं. सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या मोठ्या आवारात बाईंनी रोपवाटिका काढली होती, आणि नागपुरात आंब्याची कलमं करायची त्यांच्या डोक्यात होती. त्यासाठी त्या कोकणात फिरायला आल्या. आमच्या रोपवाटिकेत माझ्याजवळ उकिडव्या बसून अर्धी सकाळ माझे हात बघत राहिल्या. मग मालकांना म्हणाल्या, "हा माणूस मले द्या." बायकोला आणि काही महिन्यांच्या मुलीला आईकडे ठेवून मी निघालो. तिथल्या हवेत आपलं काम जमेल का, ही धास्ती नागपूरच्या स्टेशनावर उतरल्यावरही गेली नव्हती.

ती धास्ती खोटी नव्हती. पहिल्याच मे महिन्यात माझी आंब्याची सगळी कलमं वाळली. कोकणातल्या दमट हवेत जे कलम सावलीत ठेवलं की आपोआप धरतं, ते नागपूरच्या लूपुढे, उन्हाळ्यातल्या त्या भाजणाऱ्या वाऱ्यापुढे, कागदासारखं कुरकुरीत झालं. मी दिवसातून चार वेळा पाणी मारत होतो, गोणपाटाचे आडोसे करत होतो. काही उपयोग झाला नाही. ज्या कामासाठी आणलं तेच काम फसलं, आता आपल्याला तिकीट काढून देतील, असं मी धरूनच चाललो होतो. बाई वाळलेल्या ओळीतून एकदा फिरल्या, एक काडी मोडून बघितली आणि म्हणाल्या, "हाताचा दोष नाही तुझ्या. इथल्या उन्हाचा आहे. आता संत्रं शीक."

मग हिवाळ्यात मी संत्र्याचे डोळे बांधायला शिकलो. जंबेरी म्हणजे रानलिंबाच्या जातीचं काटेरी रोप. त्याच्या सालीत छोटी चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा सालीसकट काढून त्या चिरेत सरकवायचा आणि वरून केळीच्या सोपटानं बांधायचं. डोळा धरला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटायचा. मग जे फुटतं ते संत्रं. बोटांना काटे लागून लागून माझा हात जेवताना तिखटाला झोंबायचा. पण डोळे धरले. पावसाळा लागेपर्यंत हातभर उंचीचे कोवळे फुटवे तयार झाले, आणि बाई येता-जाता त्यांच्याकडे बघून मान डोलवायला लागल्या. मला मात्र फुटव्यांपेक्षा मोटारीच्या शेडमागच्या दोन खोल्या दिसायच्या. त्यात रिकाम्या कुंड्या आणि मोडकी अवजारं भरलेली होती. बाईंनी एकदा म्हटलं होतं, "संत्र्याचं काम जमलं अन् बाहेरचं गिऱ्हाईक धरलं तं तू कायमचा. मग त्या खोल्या रिकाम्या करू, बायको-पोरीले घेऊन ये."

ते बाहेरचं गिऱ्हाईक म्हणजे भिवापूरचे एक मिरचीवाले शेतकरी. भिवापूरची मिरची त्या भागात सगळ्यांना माहीत. पण या काकांना संत्र्याचं वेड लागलं होतं. ते येऊन कलमं बघून गेले आणि बोलले ते स्पष्ट. म्हणाले, "आता एवढे द्या. माझ्या वावरापर्यंत जिवंत आले अन् जगले, तं पुढच्या सालापासून सारं वावर तुमच्या कलमाईचं. नाही जगले तं मी काटोलकडून आणतो."

म्हणजे ही एक खेप. ती नीट पोचली तर खोल्या, नाही पोचली तर मी पुन्हा वेंगुर्ल्याला. त्या दिवसांत मी रात्री झोपायचो कमी आणि हिशेब घालायचो जास्त.

कलमं न्यायला नेहमी बंडी असायची, म्हणजे बैलगाडी. आमचा ठरलेला बंडीवाला होता. पण पाऊस चांगला झाला होता आणि सारे बैल पेरणीला, डवरणीला म्हणजे कोळपणीला गेलेले. बंडीवाला म्हणाला, "बाई, आता तुमी सोन्याचं जू देसान तरी माहे बैल वावरातून निंघत नाही." ट्रकनं पाठवायचं तर ट्रकचा हादरा कोवळ्या फुटव्यांना सोसत नाही. फुटवा नेमका जोडापाशी मोडतो, आणि जोडापाशी मोडलं की मग हातात राहतं ते जंबेरी. मी विचारलं, "मग कसं न्यायचं, बाई?" बाईंनी शेडकडे बघितलं. मला वाटलं सायकल बघतायत.

गड्डीगोदामजवळच्या एका वेल्डिंगवाल्याकडून त्यांनी ट्रॉली करून घेतली. जुन्या मोटारीचा आस, त्याचीच दोन चाकं, वर फळ्यांची पेटी, खाली हादरा झेलायला स्प्रिंगचे पाटे. पेटी बाजेपेक्षा थोडी मोठी. पुढे लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला उलट्या वाटीसारखा तुकडा. मोटारीच्या मागे खाली एक लोखंडी गोळा बसवला. वाटी गोळ्यावर बसवून खीळ घातली की ट्रॉली जोडली गेली. वेल्डिंगवाला काम करता करता मोटारीकडे बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "बाई, घोड्याले तेल्याच्या घाण्याले जुंपून राहिले तुमी." बाई म्हणाल्या, "घोडा उभ्या उभ्या म्हातारा होऊन राहिला गा. त्याच्यापेक्षा घाणा बरा."

त्यानंतर आठवडाभर बाई रोज सकाळी मैदानावर जाऊन नुसत्या मागे जायला शिकल्या. ट्रॉली मागे असताना मोटार मागे न्यायची म्हणजे डोकं उलटं करावं लागतं. ट्रॉली डावीकडे हवी तर हातातलं चाक उजवीकडे फिरवायचं, आणि ती वळायला लागली की लगेच तिच्या मागे जायचं, नाही तर ती कोपरात दुमडून मोटारीलाच येऊन धडकते. पहिल्या दिवशी चार वेळा दुमडली. मी मागे उभा राहून "डावीकडं, नको, उजवीकडं" असं ओरडत होतो आणि माझ्यामुळेच जास्त दुमडत होती. तिसऱ्या वेळी बाईंनी इंजिन बंद केलं. "तू त्या झाडाखाली जाऊन बस. अन् डोळे मिट." मी बसलो, पण डोळे नाही मिटले. पन्नाशी उलटलेली बाई, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल, एक हात दारावर टेकवून मान मागे वळवलेली. आठवड्याच्या शेवटी त्या दोन विटांच्या मधून ट्रॉली सरळ मागे नेत होत्या. असं शांतपणे पुन्हा पुन्हा चुकत बसलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्याकडे एकदा चुकलं की कोणीतरी टपली मारायचं आणि काम दुसऱ्याकडे जायचं.

जायचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी मी कलमं उपटून, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट काढून, प्रत्येक गोळा गोणपाटात बांधला. त्या गोळ्याला हुंडी म्हणतात. हुंडी शाबूत तर झाड शाबूत. मी बाईंना विचारलं, "प्रवासाआधी काय करायचं असतं इथं?" त्या फाटकावर कोणाशी तरी बोलत होत्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे काय करतात तसं कर."

आमच्याकडे काय करतात, तर निघायच्या आधी पोटभर पाणी पाजतात. मचव्यातून, म्हणजे शिडाच्या होडीतून, कलमं जायची, ऊन, खारा वारा, म्हणून हुंडी अशी भिजवायची की खालून पाणी निथळलं पाहिजे. आमची तांबडी माती पाणी पिते आणि जास्तीचं सोडून देते. मी पहाटे उठून प्रत्येक हुंडी मनापासून भिजवली. इथली माती काळी आहे, हे मला दिसत होतंच. पण काळी माती पाणी सोडत नाही, ती फुगते आणि पिठासारखी मऊ होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्यावर आणखी एक शहाणपण केलं. मोटारीचा धूर नेमका ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला येतो. तो कोवळ्या पानांना लागेल या काळजीनं मी पुढची बाजू मोकळी ठेवली आणि सगळी मोठी कलमं मागच्या बाजूला दाटीनं लावली. वरून ओलं गोणपाट. बाईंनी वाटी गोळ्यावर बसवली तेव्हा दांडा हाताला हलका लागला म्हणून त्या खूश झाल्या. आम्ही निघालो.

सक्करदऱ्यापर्यंत लोकांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून आमची वरात पाहिली. एक टांगेवाला बाजूने चालत राहिला आणि मला विचारत होता, "का गा, नवरी मागच्या डब्यात हाय का?" चहाच्या टपरीवरचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "मोटारीले पिल्लू झालं बे." बाईंना सगळं ऐकू जात होतं. त्या दोन्ही हात चाकावर ठेवून, ओठ दाबून, गालातल्या गालात हसत होत्या. मी मात्र दर मिनिटाला मागे वळून बघत होतो.

"काहून मागे पाहून राहिला?"

"कलमं आहेत का बघतो."

"पळून नाही जात ते. पुढे पाह्य. रस्त्यावर खड्डा दिसला तं सांग."

चालवण्याची त्यांची रीत मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. ट्रॉलीला ब्रेक नव्हता. मोटार थांबली तरी मागचं ओझं पुढे ढकलत राहतं. म्हणून त्या थांबायचं असेल त्याच्या कितीतरी आधीच वेग सोडत. गाय रस्त्याकडे नुसती वळली तरी पाय वर. खड्डा दिसला की आधी मोटारीची चाकं वाचवत आणि लगेच, मागे न बघता, ट्रॉलीची चाकं वाचवायला थोडं आणखी बाजूला जात. स्वतःच्या मागे अदृश्य शेपूट असल्यासारखं त्यांना सगळं ठाऊक होतं. एवढी जोरात पळायला बनवलेली मोटार इतक्या हलक्या पायानं चाललेली बघून मला तिची दयाही येत होती आणि अभिमानही वाटत होता.

दिघोरी मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला. बाईंनी थोडा वेग वाढवला, आणि ट्रॉली हलायला लागली. आधी हळूच, मग इकडून तिकडे, आणि तिच्याबरोबर आमच्या मोटारीचं बूडही. समोरून उमरेडकडचा कोळशाचा ट्रक येत होता. मी दोन्ही हातांनी दार धरलं आणि तोंडातून "गे बाय माझे" एवढंच निघालं. मला वाटलं बाई ब्रेक मारणार. त्यांनी मारला नाही. नुसता पाय उचलला, चाक घट्ट सरळ धरून ठेवलं आणि मोटारीला आपोआप हळू होऊ दिलं. ट्रक बाजूनं गेला, त्याचा वारा तोंडावर आला. ट्रॉली आणखी दोनदा हलली आणि मग सरळ मागे आली. पाचगावच्या अलीकडे एका बाभळीखाली बाईंनी मोटार उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"ब्रेक मारला असता तं तिनं आपल्याले आडवं केलं असतं," त्या म्हणाल्या. मग उतरून मागे गेल्या आणि खीळ काढून ट्रॉलीचा दांडा हातानं वर उचलून पाहिला. तो सहज उचलला गेला. "उलार झाली गा."

मला शब्द कळला नाही. त्यांनी सांगितलं, "बंडीत मागे वजन झालं की जू वर उठते, बैलाच्या गळ्याले फास लागते. तेच झालं. पण एवढं वजन कुठून आलं?"

मी गोणपाट उचललं. फळ्यांच्या फटीतून काळा चिखल गळत होता. अर्ध्याअधिक हुंड्या बसल्या होत्या, गोणपाट ढिलं पडलं होतं आणि दोन-तीन ठिकाणी पांढरी मुळं उघडी दिसत होती. मला एकदम सगळं कळलं. "बाई, मी पहाटे पाणी पाजलं. भरपूर. आमच्याकडं पाजतात."

मी उगाच चिखल हातानं हुंडीवर थापायला लागलो. मला शेडमागच्या खोल्या दिसत होत्या, आणि त्यांच्या दारात माझी मुलगी नव्हती. मग बाई म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं न तुले, तुमच्याकडे करतात तसं कर म्हणून. चाल, आता रडू नको. हे आवळून बांधले तं पोचतील का?"

"पोचतील. पण बांधायला काय? गोणपाट सडकं झालंय, माती त्यातून निसटते. जाड, घट्ट कापड पाहिजे."

बाईंनी इकडे तिकडे बघितलं. बाभळी, रस्ता, लांब कोणाचं तरी वावर. मग त्यांची नजर मोटारीवर गेली. "चाकू काढ."

माझ्या खिशात डोळे बांधायचा चाकू होता. तो मी काढून दिला आणि त्या काय करणार हे कळल्यावर परत मागितला. त्यांनी दिला नाही. सीटमागे दुमडलेला कॅनव्हासचा टप त्यांनी ओढून काढला, लोखंडी कमानींवरून सोडवला आणि रस्त्याच्या कडेला पसरला. तो विलायतेहून आलेला टप. यजमान असताना त्याला दर पावसाळ्याआधी मेण लावायचे, हे मी आवारातल्या लोकांकडून ऐकलं होतं.

"बाई, हा नका कापू. पाऊस आला तर?"

"पावसानं मी मरत नाही. हे मरतील." आणि त्यांनी पहिली चीर मारली. कापड इतकं जाड होतं की चाकू अडकला. मग त्यांनी ते गुडघ्याखाली दाबलं आणि एका बाजूनं ओढत, दुसऱ्या हातानं फाडत गेल्या. मी नुसता उभा होतो. "उभा काय राहिला, सुतळी काढ न."

आम्ही दोघांनी रस्त्याच्या कडेला बसून हुंड्या बांधल्या. त्या तुकडा धरत, मी आवळून सुतळी बांधत होतो. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. एक सायकलवाला थांबला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वं माय, बाळंतविडा बांधून राहिले का?" बाई मान वर न करता म्हणाल्या, "हो. तिळे झाले. धर हे टोक." त्यानं सायकल बाभळीला टेकवली आणि टोक धरलं. मग तो शेवटपर्यंत थांबला.

सगळं बांधून झाल्यावर बाईंनी स्वतः ट्रॉली लावली. जड कलमं पुढच्या बाजूला, चाकांच्या थोडी अलीकडे, हलकी मागे. धुरासाठी टपाचा उरलेला एक तुकडा पुढच्या फळीला अडकवला. सगळ्यात मऊ झालेल्या हुंड्या माझ्या पायांशी आणि मांडीवर. दांडा पुन्हा उचलून पाहिला, तर आता दोन हात लागले. "आता बैल खूश," त्या म्हणाल्या. पुढे सगळा रस्ता त्यांनी अशा वेगानं काढला की उमरेडजवळ एका बसनं आणि नंतर एका मोपेडनं आम्हाला मागे टाकलं. उमरेड ओलांडल्यावर बारीक पाऊस लागला. डोक्यावर काही नव्हतं. बाईंनी रुमाल पिळून पुन्हा बांधला. मी मांडीवरच्या कलमांवर वाकून बसलो होतो. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि हसल्या, "कोंबडीसारखा बसून राहिला तू."

भिवापूरला काका वावराच्या तोंडाशी उभेच होते. मोटार बघून त्यांनी टोपी मागे सारली. "बाईसाब, बैल कुठी ठेवले?"

"समोर, बॉनेटखाली."

"अन् टप?"

"टप आत आहे," बाई म्हणाल्या आणि ट्रॉलीकडे बोट केलं.

काकांनी कलमं उतरवून घेतली. प्रत्येक फुटवा जोडापाशी अंगठ्यानं हलकेच दाबून बघितला. एकही मोडलेला नव्हता. मग त्यांच्या हातात हिरव्या कॅनव्हासमध्ये बांधलेली कलमं आली. "हे काहून नवरदेवावाणी बांधले?"

बाई म्हणाल्या, "पाणी जास्त झालं. हुंड्या बसल्या. जगतील तं जगतील, मरतील तं मी बदलून देईन."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "डोळे कोणं बांधले?"

"यानं."

"हा तं कोकणातला. संत्र्याले काय जाणते?"

"जोड पाहिले न तुमी आत्ताच."

काका पुन्हा जोडांकडे बघत बसले. मग म्हणाले, "जोड बरे आहेत. पण मी म्हटलं ते म्हटलं. जगले तं बोलू. अन् या माणसाले इथंच ठेवून जा. यानंच बिघडवलं, यानंच जगवावं."

बाईंनी मला विचारलं, "राहशीन?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो.

परत जायला मोटार वळवायची तर वाट अरुंद, एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला मिरचीचं वावर. काकांनी ट्रॉली सोडवून हातानं वळवायला दोन माणसांना हाक मारली. बाई म्हणाल्या, "राहू द्या." त्यांनी मान मागे वळवली, दारावर हात टेकवला आणि ट्रॉली एका दमात काकांच्या खळ्यात मागे घातली. नंतर मोटार पुढे काढली आणि निघाल्या. मिरचीचं एक रोप मोडलं नाही. काका बराच वेळ त्या वाटेकडे बघत होते. मग आपल्या बायकोला म्हणाले, "हात पाह्यला का वं बाईचा?"

मी तिथे तीनेक आठवडे राहिलो. काकांच्या घरच्यांनी मला पहिल्या दिवशी जेवायला वाढलं आणि मी पहिल्या घासाला रडलो. ते मिरचीचं रडणं होतं, पण त्यांना वाटलं घराची आठवण आली, म्हणून त्यांनी आणखी भाजी वाढली. दुसऱ्या दिवसापासून मी ताक मागून घ्यायला शिकलो. चांगली कलमं मी लगेच लावली. कॅनव्हासातली गोठ्याच्या वळचणीला सावलीत ठेवली, आणि माती घट्ट झाल्यावर कापडासकट खड्ड्यात उतरवून कापड हळूच काढून घेतलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांची पानं गळायला लागली. कलमाचं पान हात लावताच गळलं तर आत जीव आहे, वाळून फांदीलाच चिकटलं तर गेलं, हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. तरी पान गळलेलं दिसलं की त्यावर विश्वास बसायचा नाही. मी रोज उजाडताच प्रत्येक काडीपाशी बसून नखानं साल खरवडून बघायचो, खाली हिरवं आहे का. काका एकदा म्हणाले, "आता खरवडू खरवडूच मारशीन तू त्याईले." त्यानंतर मी हात मागे बांधून बघायला लागलो. मग एके सकाळी एका काडीच्या बगलेत तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं दिसलं. मी काकांना हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या काडीवर दिसलं, तेव्हा मारली.

बाई मला न्यायला आल्या तेव्हा मोटारीला टप नव्हताच, लोखंडी कमानीही काढून ठेवल्या होत्या. काका त्यांना ओळींमधून घेऊन फिरले. कॅनव्हासातली काही गेली होती, ती काकांनी पायानं दाखवली. बाकीच्यांवर पालवी होती. बाई वाकून वाकून बघत होत्या. मी मागून चालत होतो आणि काकांच्या पाठीकडे बघत होतो.

शेवटच्या ओळीशी काका थांबले. "मेले ते बदलून द्या. बाकी पुढच्या पावसाळ्यात सारं वावर तुमचंच. पण लावाले हाच माणूस पायजे मले."

"पाठवीन न," बाई म्हणाल्या, "पण आठ दिवसांसाठी. तो माझा माणूस आहे."

परतीच्या वाटेवर रिकामी ट्रॉली मागे खडखडत होती. बाई रस्त्याबद्दल बोलल्या, काकांच्या विहिरीबद्दल बोलल्या, जंबेरीचं बी यंदा कुठून आणायचं ते बोलल्या. खोल्यांबद्दल काही नाही. उमरेड गेलं, पाचगाव गेलं. ती बाभळही गेली. मला विचारायचं होतं, आणि विचारलं तर त्या म्हणतील की आधी पुढचा पावसाळा बघू, अशी भीती होती. दिघोरीच्या पुढे एक रिकामी बंडी समोर आली आणि बाईंनी वेग कमी केला. तिच्या मागे हळूहळू चालत असताना त्या म्हणाल्या, "त्या खोल्याइले चुना माराचा आहे. तू मारतो का माणूस पाहू?"

"मी मारतो," मी म्हटलं. 

"अन् तिथं न्हाणीची मोरी नाही. तू एकटा असता तं नळावर चाललं असतं. बाईमाणूस येणार, लहान पोरगी आहे, मोरी लागते. गवंड्याले सांगितलं मी कालच. पण कोणत्या कोपऱ्यात पायजे ते तू ठरव."

मोरीचं मला कधी सुचलंच नव्हतं. इतके महिने मी त्या खोल्यांचा विचार करत होतो, आणि त्यात दार होतं, भिंती होत्या, मुलगी दारात उभी होती. बायको आंघोळ कुठे करणार हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं. मी रस्त्याकडे बघत कोपरे आठवायला लागलो. बंडी बाजूला झाली, बाईंनी पाय दाबला, आणि रिकामी ट्रॉली उड्या मारत आमच्या मागे आली.